गफूर मिस्त्री आणि गाडीतला इन्व्हर्टर

गफूर मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवायचे. गाडीचा मालक आपलं गाऱ्हाणं सांगत असायचा, शेजारचा पानवाला मधेच आपली अक्कल पाजळत असायचा, आणि मिस्त्री नुसता तळहात वर करायचे. "थोडं गप बसा. बघून राहिलो." आणि मग बघायचे नाहीतच, डोळे मिटून बॉनेटपाशी कान न्यायचे. मिनिटभर तसेच उभे. उंच, वाळकुडा देह, तोंडात लवंग, कानामागे पेन्सिल, चष्म्याच्या एका काडीच्या जागी काळा दोरा. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा उभ्याउभ्या झोपला की काय. जुनं गिऱ्हाईक मुकाट्यानं बाकड्यावर बसून राहायचं.

त्यांचं दुकान म्हणजे आमच्या क्लाससमोरच्या गल्लीतलं एक पत्र्याचं शेड. आमचा क्लास म्हणजे लातुरातल्या शंभर क्लासांतला एक, मी तिथला फिजिक्सचा सर. लातूरबाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळायचा नाही. आमच्या गावात त्या काळी मास्तरांचे फ्लेक्स लागायचे. माझाही लागायचा. हाताची घडी, निळा कोट, आणि खाली मला आजही वाचायला नको वाटतील अशी विशेषणं. रेणापूरच्या शाळेत धड बाकडं न मिळालेला मी, चौकात दोन मजले उंच उभा होतो. माणूस फ्लेक्सवर गेला की त्याच्या डोक्यात हवा जाते. माझ्या तर चांगलीच गेली होती.

मिस्त्री वायरिंगवाले. जीप, ट्रक, ट्रॅक्टर, आमच्या क्लासच्या मुलं आणणाऱ्या व्हॅन, सगळ्यांचं विजेचं काम त्यांच्याकडे. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. पण मीटरचा प्रत्येक आकडा दुकानाच्या भिंतीवर खडूनं उर्दूत लिहून ठेवायचे, तारीख घालून. भिंत भरली की चुना मारायचा आणि पुन्हा लिहायला सुरुवात. गाडी बिघडली असं त्यांच्या तोंडून कधी यायचं नाही. "नाराज हाय," म्हणायचे. "कशानं नाराज हाय ते बघावं लागंल."

त्यांची एक रीत मात्र मला फार उशिरा कळली. चूक मालकाची असेल तर ते चारचौघांत कधीच सांगत नसत. रेणापूरचे एक मोठे बागायतदार ट्रॅक्टर घेऊन यायचे, दर आठ दिवसांनी बॅटरी उतरलेली. बरोबर गावातली पाच-सहा माणसं. मिस्त्रींनी तपासलं आणि जाहीर केलं, उंदरानं वायर खाल्ली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बागायतदारांना शेडच्या मागं नेऊन सांगितलं, की तुमचा मुलगा शेतात ट्रॅक्टर बंद करून त्यावर मोठाले स्पीकर वाजवतो, तेवढं बघा. हे मला त्या बागायतदारांनीच पुढे सांगितलं. मी मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "माणूस शरमिंदा झाला की गाडी नीट होत न्हाई सर. खोटं बोलाय लागतो, मग खराबी सापडत न्हाई." त्यामुळे त्यांच्या दुकानात सगळा दोष उंदरांचा असायचा, नाहीतर उन्हाचा. लातूरच्या उंदरांएवढी बदनामी कुणाची झाली नसेल.

आणि दुसरी सवय म्हणजे त्यांचं "असंल". समोरचा थापा मारतोय हे कळलं की वाद घालायचा नाही, खोटं ठरवायचं नाही. मान किंचित वाकडी करून "असंल" म्हणायचं आणि पान्ह्याला हात घालायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, पटलं बुवा म्हाताऱ्याला. मलाही तसंच वाटायचं.

फ्लेक्सवर चढल्यावर पायाखाली गाडीही तशीच हवी म्हणून मी पुण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलवर चालते आणि विजेवरही, चढाला मोटर मदत करते, ब्रेक दाबला की बॅटरी भरते. गावात तसली गाडी दुसरी नव्हती. मी मुलांना वर्गात तिचंच उदाहरण द्यायचो. इन्व्हर्टर शिकवताना माझं एक ठरलेलं वाक्य होतं, ते पोरं पाठ म्हणायची: डीसी सरळ चालतो, एसी मागंपुढं झुलतो, आणि सरळ चालणाऱ्याला झुलायला लावणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. मात्र गाडीचं बॉनेट उघडून ती पेटी कुठे असते हे मी कधी पाहिलं नव्हतं. परीक्षेत कोण विचारतंय.

मिस्त्रींना त्या गाडीचं भारी कुतूहल. कुठल्याशा मोबाइल दुकानात जाऊन त्यांनी तिचं सगळं पुस्तक छापून आणलं, समासात उर्दूत टिपणं काढली. जाडजूड रबरी हातमोजे हैदराबादहून मागवले. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाले, सर, तीन तारांतून मोटर कशी फिरती ते एकदा सांगा. मी म्हटलं, या कधीतरी. हे "कधीतरी" मी त्यांना तीन वेळा म्हणालो असेन. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात एक दिवस मी त्यांच्याकडे हॉर्न बदलायला गेलो. हॉर्न बसवून झाल्यावर ते बॉनेटखाली एका लहानशा पांढऱ्या टाकीकडे बघत राहिले. "सर, ह्याच्यात काय टाकलंय? ह्याचा रंग गुलाबी पायजे. हे फिक्कं हाय."

"कंपनीचंच आहे," मी म्हणालो. मला क्लासला उशीर होत होता.

"असंल," ते म्हणाले, आणि बॉनेट लावलं.

खरं असं होतं, की ती टाकी मला सारखी खाली गेलेली दिसायची आणि मी तिच्यात पाणी ओतायचो. घराच्या मागं नळी लावलेली होती, बोअरचं पाणी. त्या वर्षांत लातुरात ज्याच्या बोअरला पाणी तो राजा. नळाला महिना महिना पाणी नसायचं, त्यामुळे बोअरचं पाणी म्हणजे आम्हाला अमृत. ते पाणी एवढं जड, की हंड्याला आठवड्यात पांढरा थर बसायचा आणि डाळ शिजायची नाही. पण गाडीच्या टाकीत पाणीच तर घालायचं, त्यात काय बघायचं, असं मला वाटलं. मार्चपासून चार-पाच वेळा तरी ओतलं असेल.

हॉर्न बसवल्याला दोन आठवडे झाले असतील, आणि गाडी थेट क्लासच्या फाटकातच थांबली. वेळ सकाळची, प्रवेशाचे दिवस, फाटकात पालकांची ही गर्दी. नांदेडचे, उदगीरचे, पार माहूरकडून आलेले लोक. समोरच्या पट्टीवर लाल खुणा पेटल्या, गाडीनं एक हिसका दिला आणि जागची हलेना. मागं आमच्या संचालकांची गाडी अडकली. तेही उतरले. कुणीतरी गल्लीतून मिस्त्रींना बोलावून आणलं.

त्यांनी तळहात वर केला, सगळ्यांना गप्प बसवलं, कान लावला. मग आपलं कोड वाचायचं यंत्र जोडलं, चष्मा वर करून ते वाचलं. बोट त्या पांढऱ्या टाकीवर क्षणभर ठेवलं आणि काढलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सर, इन्व्हर्टर गेला."

आता आमच्या मराठवाड्यात इन्व्हर्टर म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. जिन्याखाली किंवा देवघराच्या बाजूला असलेली पेटी, तिच्याखाली बॅटरी. लाइट गेली की पंखा चालवते ती. आजूबाजूचे दोन-तीन पालक हसले. आणि मी, डीसीला झुलायला लावणारी पेटी वीस वर्षं फळ्यावर काढणारा मी, त्यांच्यात सामील झालो.

"चाचा, इन्व्हर्टर घरात असतो, जिन्याखाली. गाडीत कुठून आणलात?"

सगळं फाटक हसलं. संचालक हसले. मिस्त्री हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गोंधळलेल्या माणसाला पत्ता सांगावा तसं म्हणाले, "सर, सरळ चालणाऱ्याला झुलायला लावती ती पेटी. तुम्हीच शिकवता न. तुमचा माईक लई मोठा हाय, दुकानात ऐकू येतं."

हसणं एकदम थांबलं. मागच्या बाजूला कुणीतरी खुसकन हसलं, आणि ते यावेळी मला हसलं. तेव्हा गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. पण मी संचालकांकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "दोन आठवड्यांपूर्वी यांनीच हॉर्न बसवला. तेव्हापासूनच काहीतरी झालंय. नको त्या ठिकाणी हात घालून ठेवला असणार."

मिस्त्रींनी यंत्राची वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि निघून गेले. हे बोलताना मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती सांगून टाकतो. जूनपासून क्लासच्या सगळ्या व्हॅनचं काम कायमचं मिस्त्रींकडे द्यायचं संचालकांनी ठरवलं होतं. त्या भरवशावर मिस्त्री शेडच्या शेजारची जागा घेणार होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दुकानावर नावाची पाटी लागणार होती.

गाडी ट्रकवर घालून नांदेडच्या एका मोठ्या वर्कशॉपला नेली. वातानुकूलित खोली, कॉफी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण इंजिनिअर. चार दिवसांनी त्यानं मला छापील कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, इन्व्हर्टर निकामी. नवा मागवावा लागेल, परदेशातून येईल, यायला चार महिने लागतील, आणि त्या किमतीत एक साधी गाडी येईल, असं तो फार अदबीनं म्हणाला. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि गाडी पुन्हा ट्रकवर घातली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या शेडसमोर उभा राहिलो. त्यांनीच बाकडं पुसलं, बसा म्हणाले, चहा सांगितला. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला नाही. म्हणाले, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या अलीकडे एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे ह्याच जातीची एक ठोकलेली गाडी पडली आहे, मागून ठोकलेली, पुढचं सगळं साबूत असणार. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. म्हणाले, तुमची गाडी बंद पडली त्याच दिवशी फोन लावून ठेवला होता.

आम्ही एसटीनं निघालो. अहमदपूर सोडल्यावर मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की ही सगळ्यांना गप्प बसवायची सवय कुठली. तर त्यांनी भूकंपाचं सांगितलं. तेव्हा ते तिशीत होते. लग्नाच्या रोषणाईसाठी एक जनरेटर भाड्यानं द्यायचे. भूकंप झाला तसा तो जनरेटर टेम्पोत घालून किल्लारीकडच्या एका गावात गेले आणि दगडांचे ढीग उपसणाऱ्यांना वीज देत राहिले. अधूनमधून एक फौजी साहेब हात वर करायचा, की सगळी यंत्रं बंद करायची, माणसांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा आणि ढिगाखाली कुणी आहे का ते ऐकायचं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी जनरेटर बंद केलो," मिस्त्री म्हणाले. "सगळे गप. मला टकटक ऐकू आलं. बाकी कुणालाच न्हाई. साहेब म्हणला, तुझ्या कानात मशीन बसलीय. मी म्हणलो, साहेब, हितं हाय. बळंच उकरायला लावलो."

"मग?"

"शेळी निघाली."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. "सगळे चिडले सर. माणसं पडली हायत आन हा शेळ्या काढून राहिला. पण जित्ती होती न ती. उठली आन चालाय लागली." लोह्याला गाडी थांबल्यावर खाली उतरून त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली.

भंगारवाल्याच्या आवारात त्यांनी त्या मोडक्या गाडीपाशी अर्धा तास घालवला. पेटीवरचा नंबर आपल्या चिठ्ठीतल्या नंबरशी तीनदा जुळवला, मीटर लावून आतलं एकेक तपासलं, नळ्यांच्या तोंडाशी बोट फिरवून हुंगलं. समाधान झाल्यावर घरून आणलेल्या गोधडीत ती पेटी गुंडाळली. परतीच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, जड आहे, वर ठेवू. ते नको म्हणाले. कंडक्टरनं विचारलं, काय आहे गोधडीत. मिस्त्री म्हणाले, इन्व्हर्टर. कंडक्टर म्हणाला, घरचा का? "हाव, घरचाच," मिस्त्री म्हणाले, आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. तेवढंच काय ते मला टोचलं त्यांनी, पूर्ण प्रकरणात.

पेटी बदलायचं काम त्यांनी शुक्रवारी, नमाज झाल्यावर काढलं. शेडमध्ये आम्ही दोघंच. आधी त्यांनी हातमोजे तपासले. मोज्याचं तोंड गुंडाळत गुंडाळत आतली हवा बोटांत कोंडली आणि गालाजवळ धरून कुठून निसटते का ते पाहिलं. टाचणीएवढं भोक असलं तरी माणूस जातो, म्हणाले. मग मागच्या सीटमागून मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा नारिंगी खटका उपसून काढला आणि तो आपल्या शर्टाच्या खिशात घालून वरून बटण लावलं. खटका खिशात असला की कुणी चुकून परत लावत नाही. मग बाकड्यावर येऊन बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता दहा मिनिटं. बंद केली म्हणजे मेली न्हाई सर. आत धरून बसती. तिला वेळ द्याय लागतो."

हा कपॅसिटर, वीज साठवून ठेवणारा. मी तो दर वर्षी शिकवायचो, उतरत्या वक्ररेषेसकट. सात मिनिटं झाली तेव्हा मी म्हटलं, झालं असेल आता. ते बाकड्यावरच बसून राहिले. दहा झाली, तरी त्यांनी आधी मीटर लावला, शून्य पाहिला, भिंतीवर शून्य लिहिला, मगच पान्हा उचलला. तीन जाड नारिंगी तारा सुटल्या, नळ्या सुटल्या, जुनी पेटी बाहेर आली. नंतर तिच्या थंडाव्याचा लहान पंप त्यांनी सोडवला. जुना मी फेकून देणार होतो, त्या मोडक्या गाडीचा दुसरा आणलाच होता. पण त्यांनी तो फडक्यावर ठेवून खोलला.

आतून तो पांढराफेक होता. आमच्या घरच्या हंड्याला बसायचा तसा खडखडीत थर. चाक त्यात जाम रुतून बसलेलं. पाणी फिरायचं थांबलं, पेटी तापली आणि जळली. त्या पांढऱ्या टाकीच्या झाकणावर बारीक इंग्रजीत काय लिहिलंय तेही मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. इन्व्हर्टर कूलंट. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला मी जन्मात कधी बोअरचं पाणी घातलं नसतं. तिथं डिस्टिल्ड वॉटर लागतं हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही जाणतं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पंपाकडेच बघत होते. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, मागं न्यायची गरज नव्हती. ते मला जागा देत होते, हे आता कळतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की चाचा, हे मी केलं.

मी म्हणालो, "पुण्याच्या सर्व्हिसिंगवाल्यांनी टाकलं असेल."

"असंल," गफूर मिस्त्री म्हणाले.

पंप फडक्यात गुंडाळून त्यांनी बाजूला ठेवला. नळ्या धुवून काढल्या, दुसरा पंप आणि नवी पेटी बसवली, गुलाबी पाणी भरलं, त्यातली हवा जाईपर्यंत टाकीकडे बघत बसले. सगळ्यात शेवटी खिशाचं बटण काढून खटका लावला. गाडी चालू झाली तेव्हा काही आवाज आला नाही, तिला येतच नाही. समोर फक्त हिरवी खूण उमटली. "राजी झाली," ते म्हणाले, आणि भिंतीवर काहीतरी लिहिलं. मला उर्दू येत नाही. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

सोमवारी स्टाफरूममध्ये संचालकांनी विचारलं, काय सर, झाली का गाडी? कुणी केली शेवटी?

मला सारवासारव करायची नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण त्या खोलीत केमिस्ट्रीचे सर होते, बायोलॉजीच्या मॅडम होत्या, आणि खिडकीतून माझा फ्लेक्स दिसत होता. मिस्त्रींनी केली म्हटलं असतं तर मग बिघडली कशानं, हे आलं असतं. फिजिक्सच्या सरांनी इन्व्हर्टरमध्ये बोअरचं पाणी ओतलं, ही गोष्ट दुपारपर्यंत पोरांच्या तोंडी झाली असती.

"नांदेडहून झाली," मी म्हणालो.

शब्दाला शब्द लावून पाहिला तर खोटंही नाही. पेटी नांदेडहूनच आली होती. संचालक म्हणाले, तरी मी म्हटलं, ह्या म्हाताऱ्याच्या हातात नव्या गाड्या द्यायच्या नाहीत. व्हॅनचं काम दुसऱ्याला गेलं. शेजारची जागा मिस्त्रींनी घेतली नाही. तिथे झेरॉक्सचं दुकान आलं. फाटकात हसलेल्या पालकांनी ती गोष्ट कुठं कुठं नेली कोण जाणे, पण हळूहळू त्यांच्याकडे नव्या गाड्या येईनाशा झाल्या. हैदराबादचे हातमोजे खिळ्याला लटकलेले दिसायचे. मी येता-जाता बघायचो. नंतर मी त्या गल्लीतून जाणं बंद केलं.

मग ते घरोघरचे, हॉस्टेलचे इन्व्हर्टर सांभाळायला लागले. सायकलला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन अडकवून फिरायचे. आमच्याही घरी यायचे. माझी बायको मंगल त्यांना चहा द्यायची, ते तिला भाभी म्हणायचे, जिन्याखाली वाकून एकेका भोकात मोजून पाणी घालायचे. मी वरच्या खोलीत पेपर तपासत बसायचो. एकदा मंगल म्हणाली, किती चांगला माणूस आहे, तुमची गाडी कशी काय बिघडवली होती यांनी? तिलासुद्धा मी तेच सांगितलं होतं. मी म्हणालो, होतं कधीकधी. खालून त्यांचा खोकला ऐकू आला. त्यांना ऐकू गेलं असणारच. ज्या माणसाला दगडांखालची शेळी ऐकू येते त्याला जिन्यावरचं बोलणं ऐकू येणार नाही?

एवढ्या वर्षांत त्यांनी मला काही विचारलं असतं, भांडले असते, संचालकांपुढे तो पांढरा पंप आपटला असता, तर मी सुटलो असतो. त्यांनी मला तेवढीही सवलत दिली नाही. की त्यांच्या मनात तसं काही नव्हतंच, आणि हे सगळं माझंच? ते मला आजही सांगता येत नाही. मनानं मी पुष्कळदा त्यांच्या शेडपर्यंत गेलो. पायांनी गेलो नाही.

शेवटचे दिसले ते प्रवेशाच्याच दिवसांत. तोवर आमच्या क्लासची चार मजली इमारत झाली होती. मी आता शिकवत कमी होतो आणि टेबलामागं बसून पालकांना सल्ले जास्त देत होतो. रांगेत नंबर पुकारला आणि समोर गफूर मिस्त्री उभे राहिले. दाढी पूर्ण पांढरी झालेली, चष्म्याला दोन्ही बाजूंनी दोरा. बरोबर नात, लेकीची मुलगी, दहावीला चांगले गुण मिळवलेली. तिला फिजिक्स आवडतं, म्हणाले, आणि सर फिजिक्सचेच हवेत म्हणून इथंच आणलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो. बसा म्हणालो. ते उभेच राहिले.

त्यांच्या मागच्या नंबरला उदगीरचे एक गृहस्थ होते. ओळख दिसते तुमची सरांशी, असं ते कौतुकानं म्हणाले.

"हाव," गफूर मिस्त्री म्हणाले. "लई जुनी. ह्यांची गाडी माझ्या हातून बिघडली होती. लई भारी गाडी. पण सर एक शब्द बोलले न्हाईत मला कधी."

त्यांच्या आवाजात टोमणा शोधायला मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. नव्हता. पोरीच्या प्रवेशासाठी आलेला आजोबा मास्तरांची तारीफ करत होता, इतकंच होतं ते.

नातीनं मान वर केली. तिला हे नवीन होतं. "नाना, तुमच्या हातून गाडी बिघडली?" तिनं विचारलं. तिचा विश्वास बसत नव्हता.

"हाव. होतं बेटा."

पोरगी माझ्याकडे वळली. मी काहीतरी म्हणेन, असं तिला वाटत होतं. सर हसून म्हणतील, छे, नाही गं. ती वाट बघत होती, उदगीरचे गृहस्थ वाट बघत होते. मिस्त्री मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते टेबलावरच्या फॉर्मकडे बघत होते.

मी फॉर्मवर सही केली, तो तिच्या हातात दिला आणि पुढचा नंबर पुकारला.